सॉफ्टवेअर निघत नाही, निघालं तर परत बसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं विंडोज १० आणि ११ साठी आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पेढ्या, उद्यमबागेतले कारखाने, ‘ग्राम वन’ सरकारी सेवा केंद्रं आणि घरचे कॉम्प्युटर यांवर जी सॉफ्टवेअर प्रत्यक्षात चालतात, ती डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. आज्ञा फोनवर सांगतात तशा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.

अनइन्स्टॉल दाबलं की एरर येते. सरळ ‘प्रोग्राम फाइल्स’मधलं फोल्डरच डिलीट केलं तर?

नको. निम्मी गुंतागुंत इथूनच सुरू होते. सॉफ्टवेअर एका फोल्डरात नसतं. फाइल्स एका जागी, रजिस्ट्रीतली (म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतली) नोंद दुसरीकडे, मागे चालणारी सर्व्हिस किंवा ड्रायव्हर तिसरीकडे आणि तुमची सेटिंग्ज चौथीकडे असतात. काढणारा प्रोग्रामही बहुतेक वेळा त्याच फोल्डरात असतो. फोल्डर गेलं की तो जातो, पण रजिस्ट्रीतली नोंद राहते. मग नवीन सेटअप ती नोंद बघून म्हणतो, ‘हे आधीच बसवलेलं आहे’, किंवा जुनं काढायला जातो आणि तिथेच अडकतो.

फोल्डर आधीच उडवलं असेल तर उपाय उलटा वाटेल, पण तोच चालतो. त्याच आवृत्तीचा सेटअप आणा, त्याच जागी पुन्हा बसवा आणि मग रीतसर काढा. नोंद आणि फाइल्स पुन्हा जुळल्या की अनइन्स्टॉल बहुधा मुकाट्याने होतं. इथे नवीन आवृत्ती चालत नाही, कारण तिचा अंतर्गत क्रमांक वेगळा असतो.

मग कुठल्या क्रमाने करायचं?

१. डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. स्टार्टमध्ये ‘रिस्टोअर पॉइंट’ शोधा आणि एक पॉइंट तयार करा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीत परत आणता येईल.

२. ‘रीस्टार्ट’ करा. शटडाउन करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टीमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो. ‘पुढच्या वेळी डिलीट करायच्या’ म्हणून राखून ठेवलेल्या फाइल्स त्यामुळे तशाच राहतात.

३. घड्याळाशेजारच्या बारीक चित्रांतून ते सॉफ्टवेअर बंद करा. खिडकी बंद केली तरी ते मागे चालू असू शकतं.

४. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून, विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या रन खिडकीत ‘ए पी पी डब्ल्यू आय झेड डॉट सी पी एल’ टाका. जुनी यादी उघडते. सेटिंग्जमधल्या यादीपेक्षा हिच्यात ‘चेंज’ आणि ‘रिपेअर’ ही बटणं पटकन सापडतात.

५. रिपेअर असेल तर आधी रिपेअर, मग अनइन्स्टॉल.

६. नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे तीच आवृत्ती वरून बसवा आणि मग काढा.

७. तेही झालं नाही तर मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ किंवा त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल.

हाताने साफसफाई करायची ती यानंतर.

एररचा आकडा दिसतो. त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. फोटो काढायचा असेल तर आकडा दिसेल असा काढा. नुसतं ‘एरर येतेय’ सांगून उपयोग नसतो. विंडोज इन्स्टॉलरचे नेहमी दिसणारे आकडे असे:

१६१८ : दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. बहुतेक वेळा विंडोज अपडेट असतं, किंवा आधीचा अर्धवट सेटअप. काम संपल्यावरही इन्स्टॉलरची सर्व्हिस साधारण १० मिनिटं जागी असते, त्यामुळे आधी थोडं थांबा, मग रीस्टार्ट करा. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन दिसेल ते बंद करण्याची घाई नको.

१६०३ : ‘काहीतरी गंभीर बिघडलं’ एवढंच हा सांगतो, म्हणून सगळ्यात वैताग देणारा. नेहमीची कारणं तीन: सॉफ्टवेअर आधीच बसलेलं असणं, ज्या फोल्डरात बसवायचं ते एनक्रिप्ट केलेलं असणं, किंवा त्या फोल्डरवर ‘सिस्टीम’ नावाच्या खात्याला पूर्ण परवानगी नसणं. तिसऱ्यासाठी फोल्डरवर राइट क्लिक › प्रॉपर्टीज › सिक्युरिटी › एडिट, तिथे ‘सिस्टीम’ निवडून ‘फुल कंट्रोल’वर खूण करा. तरी नाही झालं तर खाली लॉगचं सांगितलं आहे ते करा.

१६०५ : जे बसलेलंच नाही ते काढायला सांगताय. नोंद अर्धवट उरली आहे. मायक्रोसॉफ्टचा ट्रबलशूटर यावर चांगला चालतो.

१६१२ आणि १७०६ : मूळ सेटअप फाइल सापडत नाही. पूर्वी सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून बसवलेलं असेल तर हे हमखास येतं. ‘ब्राउज’ दाबून त्याच आवृत्तीची, त्याच नावाची फाइल दाखवा. फाइलचं नाव बदललेलं असेल तर ती बरोबर असूनही नाकारली जाते.

१६३८ आणि १७१४ : वेगळी आवृत्ती आधीच आहे, किंवा जुनी आवृत्ती काढता येत नाही. दोन्हींचा इलाज एकच, जुनी आवृत्ती परत बसवून रीतसर काढणं.

२५०२, २५०३ : विंडोज फोल्डरातल्या ‘टेम्प’वर (तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरवर) लिहायची परवानगी नाही. तात्पुरता उपाय म्हणजे कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा, सेटअपच्या फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणात त्यात टाकायचा आणि एंटर दाबायचं.

३०१० : ही एररच नाही. काम झालं, रीस्टार्ट करा एवढाच अर्थ.

जागा होत नव्हती म्हणून विंडोजमधलं ‘इन्स्टॉलर’ फोल्डर रिकामं केलं. आता काहीच निघत नाही.

सी ड्राइव्ह › विंडोज › इन्स्टॉलर हे लपवलेलं फोल्डर कधीकधी १५-२० जीबीचं होतं आणि कचऱ्यासारखं दिसतं. पण बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या सेटअपची राखीव प्रत तिथे असते. अनइन्स्टॉल, रिपेअर आणि अपडेट तिन्ही त्या प्रतीवर चालतात. फाइल्स रिसायकल बिनमध्ये असतील तर परत जागेवर ठेवा. नसतील तर एकेका सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती शोधून वरून बसवावी लागेल. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ते फोल्डर कॉपी करून चालत नाही, कारण तिथल्या फाइल्सची नावं त्या त्या मशीनपुरती यदृच्छया ठरलेली असतात.

जागा हवी असेल तर सेटिंग्ज › सिस्टीम › स्टोरेजमधून टेम्पररी फाइल्स काढा.

सॉफ्टवेअर गेलंय, पण यादीत नाव अजून दिसतं.

जुन्या कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल दाबा. ‘हे आधीच काढलेलं असावं, यादीतून नाव काढू का?’ असा प्रश्न आला तर ‘येस’. हा प्रश्न आलाच नाही तर नाव रजिस्ट्रीतून काढावं लागतं.

रजिस्ट्रीतून हाताने कसं काढायचं?

रनमध्ये ‘रेजेडिट’. आधी फाइल › एक्स्पोर्टने संपूर्ण प्रत डेस्कटॉपवर ठेवा. ही पायरी गाळणार असाल तर पुढचं करू नका. मग एचकी लोकल मशीन › सॉफ्टवेअर › मायक्रोसॉफ्ट › विंडोज › करंट व्हर्जन › अनइन्स्टॉल इथे जा. कंसातल्या लांबलचक आकड्यांची किंवा साध्या नावांची बरीच फोल्डरं दिसतील. एकेक निवडून उजवीकडे ‘डिस्प्ले नेम’ बघा. हवं ते सापडलं की लगेच उडवू नका. तिथेच ‘अनइन्स्टॉल स्ट्रिंग’ असते. ती कॉपी करून ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवून बघा. कधीकधी यादीतलं बटण चालत नाही, पण ही ओळ चालते. ती चालली नाही आणि फाइल्सही जागेवर नाहीत याची खात्री झाली, तरच ते एक फोल्डर डिलीट करा.

नाव तिथे नसेल तर ३२-बिट सॉफ्टवेअरसाठी सॉफ्टवेअर › ‘वॉव ६४३२ नोड’च्या खाली तीच वाट आहे. फक्त एका खात्यापुरतं बसवलेलं असेल तर एचकी करंट युजरमध्ये बघा.

फोल्डर डिलीट होत नाही, ‘दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडं आहे’ म्हणतं. कुठल्या, ते सांगत नाही.

टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’ आहे, तिथे फोल्डरचं नाव टाका. कोण धरून बसलंय ते दिसेल. सर्व्हिस असेल तर रनमध्ये ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ टाकून ती आधी ‘डिसेबल्ड’ करा आणि मग थांबवा. नुसती थांबवली तर काही सर्व्हिस पुन्हा उठतात.

सेफ मोडमध्ये फोल्डर सहज निघतं, पण तिथे विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस चालत नाही. त्यामुळे ‘एमएसआय’ प्रकारचं (ज्याच्या सेटअप फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एमएसआय’ असतं ते) सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये काढायला गेलात तर १६०१ क्रमांकाची नवीच एरर मिळेल.

फोल्डरात ‘अनइन्स शून्य शून्य शून्य’ नावाची फाइल आहे, ती चालवली तर ‘डॅट फाइल नाही’ म्हणते.

त्या नावाच्या दोन फाइल्स असतात. एक चालणारी, दुसरी ‘डॅट’. काय काय बसवलं त्याची यादी ‘डॅट’मध्ये असते. क्लीनर सॉफ्टवेअर किंवा अँटिव्हायरसने ती उडवली की काढणाऱ्याला काय काढायचं तेच कळत नाही. तोच सेटअप पुन्हा चालवला की ती नव्याने तयार होते.

टॅली काढून परत टाकायचं आहे. हिशेब जातील का?

टॅलीप्राइममध्ये कंपनीचा डेटा सहसा सी ड्राइव्ह › युजर्स › पब्लिक › टॅलीप्राइम › डेटा इथे असतो, जुन्या ईआरपी ९ मध्ये टॅलीच्याच फोल्डरातल्या ‘डेटा’त. ‘सहसा’ म्हणायचं कारण, बऱ्याच पेढ्यांत तो डी ड्राइव्हवर नेलेला असतो. अंदाज करू नका. टॅलीत एफ१ › सेटिंग्ज › डेटा कॉन्फिगरेशनमध्ये नक्की पत्ता बघा. आत १००००, १०००१ अशा आकड्यांची फोल्डरं दिसतील, ती एकेक कंपनी. अख्खं ‘डेटा’ फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडते का ते बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप बॅकअप नव्हे.

दुसरी गोष्ट लायसन्स. मशीन बदलणार असाल किंवा विंडोज मारणार असाल तर आधी एफ१ › सेटिंग्ज › लायसन्समधून सरेंडर करा. त्यासाठी नेट चालू लागतं.

तिसरी गोष्ट आवृत्ती. टॅलीप्राइम ३.० मध्ये रूपांतर झालेला डेटा २.१ मध्ये उघडत नाही. कपाटातल्या जुन्या सेटअपवरून टॅली टाकलं आणि ‘कंपनीच दिसत नाही’ असं झालं तर डेटा गेलेला नसतो, टॅली जुनं असतं. हे सगळं मार्चअखेरीस करायला काढू नका.

नुडी आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर आहे. एक काढलं तर दुसरं बिघडतं.

सीमाभागातली ही खास डोकेदुखी. सरकारी अर्जासाठी कन्नड टायपिंगचं नुडी, पत्रिका आणि बॅनरसाठी श्री-लिपी किंवा आयएसएम. अशी सॉफ्टवेअर कीबोर्डवरची कळ मधेच पकडून तिचं अक्षर बदलतात. दोन एकाच वेळी चालू असली की एकाने बदललेली कळ दुसरं पुन्हा बदलतं. काढताना दोन्ही घड्याळाशेजारून पूर्ण बंद करा, एकच काढा, रीस्टार्ट करा, दुसरं तपासा. दोन्ही एका दमात काढू नका.

फॉन्टचं प्रकरण त्याहून महत्त्वाचं. जुन्या नुडीत किंवा श्री-लिपीत टाइप केलेला मजकूर बऱ्याचदा युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारा) नसतो. तो फॉन्ट गेला की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर शाबूत असतो, तो दाखवणारा फॉन्ट नसतो. म्हणून काढण्याआधी विंडोज › फॉन्ट्समधून ते फॉन्ट वेगळ्या फोल्डरात कॉपी करा. चालू कामाच्या फाइल्स युनिकोडमध्ये बदलून घेतल्या तर हा प्रश्न कायमचा सुटतो. यूएसबी लॉकवर चालणारं सॉफ्टवेअर परत टाकताना लॉक काढून ठेवा, ड्रायव्हर बसल्यावरच लावा.

साध्या पत्रापुरतं मराठी हवं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही फोनेटिक कीबोर्ड आहेत. सेटिंग्ज › टाइम अँड लँग्वेज › लँग्वेजमध्ये मराठी जोडा, ‘ऑप्शन्स’मध्ये फोनेटिक घ्या. विंडोज आणि स्पेसबारने भाषा बदलते.

गुगल इनपुटचं जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर चालू असेल तर ते काढण्याआधी दोनदा विचार करा. गुगलने ते देणं बंद केलं आहे, अधिकृत सेटअप परत मिळणार नाही.

विंडोजचं खातं मराठीत (किंवा कन्नडमध्ये) नाव देऊन उघडलं आहे. काही सेटअप सुरूच होत नाहीत.

कारण तेच नाव. खातं ‘सुनंदा’ असं देवनागरीत उघडलं की युजर्समधलं फोल्डरही त्याच नावाचं होतं आणि टेम्प फोल्डर त्याच्या आत असतं. जुन्या धाटणीच्या सेटअपला ही अक्षरं कळत नाहीत, त्याला तिथे प्रश्नचिन्हं दिसतात आणि ‘टेम्पमध्ये लिहिता येत नाही’ म्हणून तो मरतो. कंट्रोल पॅनेलमधून खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही. इंग्रजी अक्षरांत नवीन ॲडमिनिस्ट्रेटर खातं काढा आणि तिथून बसवा. एवढं नको असेल तर सी ड्राइव्हवर ‘टेम्प’ नावाचं फोल्डर करा आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ‘टीईएमपी’ व ‘टीएमपी’ दोन्हींना तो पत्ता द्या.

इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे हे नवीन नाही. चालू झाल्यावर लगेच अनइन्स्टॉल करू नका. तोच सेटअप परत चालवा. बरेच सेटअप अर्धवट काम ओळखून ‘रिपेअर’ देतात किंवा मागचं आवरून नव्याने सुरू होतात. विंडोजच विचित्र वागत असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएफसी’, एक जागा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘स्कॅननाऊ’. त्याने ‘काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत’ म्हटलं तर रिस्टोअर पॉइंटवर मागे जा.

हेस्कॉमने दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असं कळवलेल्या दिवशी मोठं काम काढू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साध्या डेस्कटॉपला काही मिनिटं देतो, ती छोट्या सेटअपला पुरतात, ऑफिसला नाही. साध्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका. मेन गेल्यावर इन्व्हर्टरवर येण्याच्या क्षणात बरेच डेस्कटॉप रीस्टार्ट होतात.

नेट इतकं हळू आहे की सेटअप अर्ध्यात तुटतो.

ऑफलाइन सेटअप शहरात उतरवून आणा. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही. ऑफिसची इमेज इथेच अडते. पेन ड्राइव्ह आधी ‘एक्स-फॅट’मध्ये फॉरमॅट करा. फाइल पूर्ण उतरली का ते तपासायला निदान तिचा साइज वेबसाइटवरच्या साइजशी जुळवा. तुटलेला सेटअप कधीकधी ८०-९० टक्क्यांपर्यंत जातो आणि मग ‘कॅब फाइल करप्ट’ म्हणतो. तेव्हा दोष मशीनचा नसतो.

अँटिव्हायरस निघता निघत नाही.

निघू नये अशीच त्याची रचना असते, नाहीतर व्हायरसनेच त्याला काढलं असतं. आधी त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘सेल्फ प्रोटेक्शन’ बंद करा, मग अनइन्स्टॉल. तरी अडलं तर त्या कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा. मॅकॅफीचं ‘एमसीपीआर’, अवास्टचं ‘अवास्ट क्लिअर’ अशी नावं आहेत. ते कंपनीच्याच साइटवरून घ्या. अवास्टचं सेफ मोडमध्ये चालवायचं असतं. लायसन्स की आधी लिहून ठेवा. जुना अँटिव्हायरस पूर्ण गेल्यावर विंडोज डिफेंडर आपोआप चालू होतो. तो चालू होत नसेल तर जुन्याचे अवशेष अजून आहेत असं समजा.

ऑटोकॅड परत टाकलं, पण लायसन्सची एरर येते.

सी ड्राइव्ह › प्रोग्रामडेटा › ‘फ्लेक्सनेट’ हे लपवलेलं फोल्डर बघा. ‘एडीएसके फ्लेक्स’ने सुरू होणाऱ्या आणि नावाच्या शेवटी ‘टीएसएफ’ असलेल्या डेटा फाइल्स दुसरीकडे हलवा आणि पुन्हा ॲक्टिव्हेट करा. जुनी लायसन्सची नोंद तिथे चिकटून राहते. उद्यमबागेत आणि मच्छेत एकाच मशीनवर दोन-तीन वर्षांच्या ऑटोकॅड आवृत्त्या असतात, त्यामुळे ‘ऑटोडेस्क’ नावाचं दिसेल ते सगळं काढू नका. काही घटक सामायिक असतात. ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’च्या दहा-बारा नोंदी यादीत दिसल्या तरी त्यांना हात लावू नका.

अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन परत बसत नाही.

मंत्रा कंपनीच्या अंगठ्याच्या मशीनला दोन वेगळी सॉफ्टवेअर लागतात, ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधारसाठी मशीनची नोंद आणि जोडणी सांभाळणारं सॉफ्टवेअर). एमएफएस १०० आणि एमएफएस ११० यांचे सेटअप वेगवेगळे आहेत, मागचं लेबल वाचूनच उतरवा. वायर काढा, दोन्ही अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट, आधी ड्रायव्हर, मग आरडी सर्व्हिस, शेवटी वायर. आरडी सर्व्हिस ११,१०० ते ११,१२० या पोर्टवर बोलते. फायरवॉलने ती अडवली तर सगळं बरोबर बसूनही ‘डिव्हाइस नॉट रेडी’ दिसतं.

सहीच्या टोकनबाबत एकच इशारा: परत बसवताना ‘इनिशियलाइझ’ विचारलं तर कधीही ‘हो’ म्हणू नका. सॉफ्टवेअर काढल्याने टोकनमधली सही जात नाही, इनिशियलाइझ केल्याने जाते आणि नवीन विकत घ्यावी लागते.

प्रिंटरचा ड्रायव्हर ‘वापरात आहे’ म्हणतो.

रांगेत अडकलेलं प्रिंट असतं. सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा. विंडोज › सिस्टम ३२ › स्पूल › प्रिंटर्स फोल्डर आतून रिकामं करा, स्पूलर चालू करा आणि लगेच रनमध्ये ‘प्रिंटयूआय’ (एकच शब्द), जागा, ‘/एस’, जागा, ‘/टी२’ टाका. ड्रायव्हर्सची यादी येईल. ‘ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा पर्याय घेऊन काढा. परत बसवताना सेटअप सांगेपर्यंत यूएसबी लावू नका.

काढून परत टाकलं तरी जुनी सेटिंग्ज आणि जुनाच बिघाड परत येतो.

कारण सेटिंग्ज काढलीच गेली नाहीत. रनमध्ये टक्क्याच्या दोन खुणांमध्ये ‘ॲपडेटा’ लिहून एंटर दाबा, मग तसंच ‘लोकलॲपडेटा’. त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डराचं नाव बदलून पुढे ‘जुनं’ जोडा, डिलीट करू नका. बिघाड गेला तर आठवड्याने उडवा.

‘व्हीसी रनटाइम १४०’ सापडत नाही, किंवा ‘डॉट नेट ३.५’ मागतं.

पहिल्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++चा पॅक घ्या. विंडोज ६४-बिट असलं तरी ‘एक्स ८६’ आणि ‘एक्स ६४’ दोन्ही टाका. एकच डीएलएल फाइल कुठून तरी आणून टाकू नका. दुसऱ्यासाठी कंट्रोल पॅनेल › ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ३.५ वर खूण करा. त्याला नेट लागतं.

लॉग फाइल कशी काढायची?

सेटअप ‘एमएसआय’ असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमएसआयएक्झेक’, जागा, ‘/आय’, जागा, अवतरणात फाइलचा पूर्ण पत्ता, जागा, ‘/एल’ त्याला चिकटून तारा आणि ‘व्ही’, जागा, लॉग कुठे ठेवायचा तो पत्ता. एमएसआयएक्झेकचं स्पेलिंग एम-एस-आय-ई-एक्स-ई-सी. काढताना ‘/आय’ऐवजी ‘/एक्स’. मिळालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे इंग्रजीत शोधा. खरं कारण त्याच्या वरच्या १०-१५ ओळींत असतं. बाकी हजारो ओळी वाचायची गरज नाही.

रेव्होसारखी सॉफ्टवेअर चांगली का?

कंपनीचा अनइन्स्टॉलर चालून गेल्यावर उरलेलं गोळा करायला चांगली. त्यात रजिस्ट्रीच्या नोंदींपैकी ठळक अक्षरांतल्याच निवडा. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी’ मात्र अजून पेन ड्राइव्हवरून फिरते, ती वापरू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरचे भाग खराब होतात म्हणून खुद्द मायक्रोसॉफ्टने ती २०१० मध्ये मागे घेतली.

विंडोज ७ वर क्रोम काढलं, आता नवीन बसत नाही.

बसणारही नाही. विंडोज ७ साठी क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती. अशा मशीनवर चालू असलेलं काहीही काढण्याआधी त्याचा जुना सेटअप हाताशी आहे ना ते बघा.

आधी क्रॅक होतं, आता बिल देऊन घेतलं. ॲक्टिव्हेट होत नाही.

क्रॅकने विंडोज › सिस्टम ३२ › ड्रायव्हर्स › ईटीसी मधल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये कंपनीचा सर्व्हर अडवलेला असतो. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ती फाइल उघडा, त्या कंपनीच्या नावाच्या ओळी काढून सेव्ह करा. फायरवॉलच्या ‘आउटबाउंड रूल्स’मध्येही तसाच अडथळा असतो, तोही काढा. मग अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन चालवा.

फॉरमॅट कधी मारायचा?

एकच सॉफ्टवेअर हट्ट करत असेल तर नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार सॉफ्टवेअर एकाच प्रकारे अडत असतील आणि ‘एसएफसी’ने काही सुधारलं नसेल तर विचार करा. तेव्हाही आधी सेटिंग्ज › रिकव्हरी › ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ घ्या. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉपवरच्या फाइल्स राहतात, सॉफ्टवेअर सगळी जातात. पब्लिक फोल्डरातला टॅलीचा डेटा राहीलच असं धरून चालू नका, तो आधी बाहेर काढा. टॅली सरेंडर, अँटिव्हायरसची की, फॉन्ट हे सगळं याआधीच उरकायचं. रीसेट झाल्यावर डेस्कटॉपवर ‘रिमूव्ह्ड ॲप्स’ नावाची फाइल मिळते. काय काय परत टाकायचं त्याची यादी तिच्यात असते.